रक्त चंद्रभागेचं, तेज वत्सलाचं

कुसाआत्याचा फोन आला तेव्हा वत्सला देवळ्याच्या मळ्यात, कांदे लावायला आलेल्या बायकांसाठी चहा गाळत होती. आत्याने ‘कशी आहेस’सुद्धा विचारलं नाही.

“काय गं वत्सले, एवढी नाशिकला आलीस, गालांना इंजेक्शनं टोचून घेतलीस, आणि म्हाताऱ्या आत्याकडे घोटभर पाणी प्यायला आली नाहीस!”

गाळणी वत्सलाच्या हातातच राहिली. दिवाळीपासून तिने नाशिकचा रस्ता धरला नव्हता, आणि इंजेक्शन म्हटलं की तिला घेरी येते हे सगळ्या भावकीला ठाऊक होतं.

आत्याने मग सविस्तर सांगितलं. ती कॉलेज रोडला कवळी बसवून घ्यायला गेली होती. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर कातडीची डॉक्टरीण बसते. लिफ्टचं दार उघडलं तर आत पदराने तोंड झाकून वत्सला उभी. आत्याने पदर ओढला, तर गालभर लाल ठिपके.

“मला वाटलं, गोवर आला की काय! तर तूच म्हणालीस, आत्या, मी वत्सला. आपलंच रक्त काढून आपल्याच गालांत टोचतात, वय कमी दिसतं. पण कोणाला सांगू नका.”

“मग तुम्ही कोणाला सांगितलंत?”

“मी कशाला सांगू? आपल्या घरातल्यांनाच तेवढं.”

आत्याच्या घरातले म्हणजे सटाण्यापासून पिंपळगावपर्यंत सगळे.

फोन ठेवला आणि वत्सलाच्या लख्ख ध्यानात आलं. जगात हा चेहरा आणखी एकाच बाईकडे होता. तिची जुळी बहीण चंद्रभागा. नाशिकला इंदिरानगरात राहणारी, आणि येत्या महिन्यात वरमाई होणारी.

दोघी एकाच पहाटे जन्मल्या. नाक, हनुवटी, डाव्या भुवईतला भोवरा, आवाज, सगळं एका साच्यातलं. आई दोघींच्या हाताला वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधायची आणि या दोघी ते शाळेच्या वाटेवर बदलायच्या. वत्सलाचं पाठांतर चंद्रभागा म्हणायची, चंद्रभागेच्या छड्या वत्सला खायची. पुढे वत्सलाला पाहायला देवळ्याहून पाहुणे आले तेव्हा ती तापाने फणफणली होती. वडिलांनी मुकाट चंद्रभागेच्या हातात पोह्यांचा ट्रे दिला. “मी पाहिली एक आणि केली दुसरी,” असं धोंडीराम आजही चारचौघांत सांगतो. आणि दर वेळी वत्सला त्याला म्हणते, “परत करायची मुदत संपली.”

आताही सगळं ऐकून धोंडीराम मिशीत हसला. “तोंड तुमचं दोघींचं सामाईक. तिने एकटीने परस्पर त्यात सुधारणा केली, आणि वर नाव तुझं लावलं. आता काय करणार?”

“काही नाही,” वत्सला म्हणाली. “लग्नाला जाणार.”

हळदीच्या आदल्या दुपारी दोघं नाशिकला पोचली. घर पाहुण्यांनी भरलं होतं. चंद्रभागा मात्र आतल्या खोलीत दार लावून बसली होती. डोकं दुखतंय, असा निरोप बाहेर होता. वत्सलाने दार ठोठावलं. कडी हळूच निघाली, आणि वत्सला उंबऱ्यातच थबकली.

चंद्रभागेचे गाल पुरणपोळीसारखे टम्म फुगले होते. डोळ्यांखाली जांभळे डाग. एक डोळा दुसऱ्यापेक्षा बारीक.

“तुनं तोंड तं सुजेल शे वं!” वत्सला ओरडली. दोघी एकट्या असल्या की माहेरची अहिराणी आपसूक बाहेर यायची.

“हळू बोल!” चंद्रभागेने तिला आत ओढलं.

मग सगळं बाहेर आलं. पहिल्या खेपेला काही फरकच दिसला नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, वेळ लागतो, धीर धरा. पण मुलाचं लग्न तोंडावर, धीर कुठून आणायचा? परवाच्या दुसऱ्या खेपेला डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात काही कार्य नाही ना? सूज येते, डाग पडतात, लग्नाच्या आधी करायचं नसतं. तर चंद्रभागेने बेधडक खोटं सांगितलं, लग्न पुढच्या महिन्यात आहे. आणि वर घरी येऊन, लवकर उतरावं म्हणून, गालांवर हळद-बेसन चोळलं. सूज उतरायची ती चढली.

वत्सला पलंगावर बसली, मग आडवी झाली, आणि उशीत तोंड खुपसून पोट दुखेपर्यंत हसली. चंद्रभागा तिच्या पाठीवर बुक्क्या मारत राहिली.

“आणि मनं नाव कसाले सांगं वं तुनी?” हसू ओसरल्यावर वत्सला उठून बसली. माझं नाव का सांगितलंस, याचं उत्तर ती महिनाभर मागायचं म्हणत होती.

चंद्रभागेने खिडकीकडे पाहिलं. “लिफ्टमध्ये आत्या. दुसरं काही सुचलंच नाही. तू लांब देवळ्याला. तुला कोण विचारणार?” मग तिने वत्सलाचे दोन्ही हात धरले. “आता सांभाळून घे. विहीणबाईंना कळलं तर माझी शोभा होईल. म्हण, तूच केलंस. तुला माझी शपथ.”

वत्सलाने शपथ घेतली. तेव्हा तिच्या मनात खरोखरच काही वावगं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबक रोडच्या लॉन्सवर हळद होती. चंद्रभागा चेहऱ्यावर रंगाचा जाड थर देऊन, मोठा चष्मा लावून आली. वत्सला आली ती नेहमीसारखी, साबणाने तोंड धुऊन, कपाळाला टिकली लावून. कुसाआत्या नवी कवळी चमकवत गर्दीतून तिच्याकडेच आली. हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं.

“आहाहा! बघा गं बायांनो! पैसा वसूल!”

बायका गोळा झाल्या. वत्सलाने तोंड उघडलं. समोर, मंडपाच्या खांबाआडून, मोठ्या चष्म्यामागून दोन सुजलेले डोळे तिला विनवत होते.

“हो,” वत्सला म्हणाली. “केलं खरं.”

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण बायकांनी प्रश्न विचारले, आणि उन्हातान्हात राबून रापलेल्या या गालांकडे आजवर कोणी इतक्या कौतुकाने पाहिलं नव्हतं. वत्सलाला रंग चढत गेला.

“रक्त काढतात हाताचं,” ती सांगू लागली. “मग यंत्रात घालून ताकासारखं घुसळतात. लाल तेवढं खाली बसतं, वर पिवळं तूप येतं. ते तूप गालांत भरायचं.”

“अगं बाई! आणि दुखत नाही?”

“आपलंच रक्त आहे,” वत्सला गंभीरपणे म्हणाली. “ते कशाला दुखवेल आपल्याला?”

बायकांनी माना डोलावल्या. मग एकेक करून त्या चंद्रभागेकडे वळल्या. “चंदाताई, तुम्हीही करून घ्यायचं की. बहीण मळ्यात राबते तरी बघा कशी दिसते, आणि तुम्ही एसीत राहून!” एकीने तर तिला बाजूला घेऊन विचारलं, झोप नीट लागते ना, थायरॉइड तपासलंत का. चंद्रभागा दातांवर दात ठेवून हसत राहिली. हसलं की गाल ठणकत होते, हे फक्त वत्सलाला दिसत होतं. आणि तिला, देवाची शपथ, त्याची थोडीशी मजाच वाटत होती.

लग्नाच्या दिवशी मात्र गोष्ट हाताबाहेर गेली. विहीणबाई, म्हणजे नवरीची आई, चंद्रभागेला याआधी चारदा भेटल्या होत्या. पण त्या भेटल्या होत्या न सुजलेल्या चंद्रभागेला. आणि त्या दिवशी चंद्रभागेपेक्षा वत्सलाच जास्त चंद्रभागेसारखी दिसत होती.

वरमाईचे पाय धुवायची वेळ आली. विहीणबाई परात घेऊन, बायकांचा घोळका घेऊन, वाजतगाजत आल्या त्या थेट वत्सलाच्या खुर्चीपुढे. कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी वत्सलाची पावलं उचलून परातीत ठेवली.

पाय ओढून घ्यायला हवे होते, हे वत्सलाला कळत होतं. पण पाणी कोमट होतं. त्यात गुलाबाच्या पाकळ्या होत्या. सकाळपासून उभं राहून टाचा दुखत होत्या. आणि आयुष्यात तिचे पाय असे कोणी धुतले नव्हते. मुलगे असते तर ती एव्हाना वरमाई झाली असती, पण तिला दोन मुलीच होत्या; तिने इतरांचेच पाय धुतले होते. ‘एक पाऊल होऊ दे,’ तिने मनाशी म्हटलं. ‘मग सांगते.’ एक झालं, दुसरंही झालं, आणि तेवढ्यात विहीणबाईंनी जरीची पैठणी तिच्या मांडीवर ठेवून ओटी भरली.

“अहो, ही वत्सलामावशी!” महेश स्टेजवरून ओरडला. नवऱ्या मुलाच्या आवाजाने बँडसुद्धा थांबला. “आई ती तिकडे!”

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. चंद्रभागा खांबाला धरून उभी होती. रंगाच्या थरातून दोन ओघळ वाट काढत होते.

विहीणबाई तोंडावर हात घेऊन उभ्या राहिल्या. पाय पुन्हा धुतले गेले, पैठणी इकडून तिकडे गेली, सगळे हसले, फोटोवाल्याने दोघींना शेजारी उभं करून फोटो काढला. चंद्रभागाही हसली. पण लग्न लागल्यावर, पंगतीत, निघताना, ती वत्सलाशी एक शब्द बोलली नाही.

पुढे दिवसामागून दिवस गेले. वत्सलाने फोन केले, ते महेशने किंवा सुनेने उचलले. देवळ्यात तर तिच्या गालांची कीर्ती झाली होती. दळण टाकायला गेलं तरी बायका तिचं तोंड न्याहाळायच्या. रात्री आरशासमोर उभी राहून ती स्वतःच आपले गाल ओढून बघायला लागली. हा सगळा मान आणखी किती टिकेल, पुढच्या लग्नात लोक ‘उतरलं वाटतं’ म्हणाले तर काय, याचीसुद्धा तिला काळजी वाटू लागली. धोंडीराम म्हणाला, “जे केलंच नाही ते उतरणार कसं?” पण त्याला बायकांचं काय कळतं!

मग एका सकाळी चंद्रभागेचाच फोन आला. आवाज कोरडा. “उद्या माझी तिसरी खेप आहे. तू ये सोबत. एवढं व्याख्यान दिलंस, एकदा डोळ्यांनी बघ तरी.”

वत्सला पहिल्या एसटीने निघाली.

दवाखाना गार होता, नव्या कोऱ्या गाडीत येतो तसा वास येत होता. चंद्रभागेची सूज कधीच उतरली होती. दोघी शेजारी बसल्या तशा पुन्हा एकसारख्या दिसू लागल्या. सिस्टरने चंद्रभागेला आत नेऊन रक्त काढलं, नळीवर नाव चिकटवलं आणि सांगितलं, “यंत्रात फिरेपर्यंत बाहेर बसा. तोंड धुवायला बोलावते.” चंद्रभागा कोपरात कापूस दाबून बाहेर आली. बसते तोच सुनेच्या माहेरून फोन आला आणि ती बोलत बोलत जिन्याकडे गेली.

“चंद्रभागाताई!” सिस्टरने दारातून हाक मारली.

वत्सलाने जिन्याकडे पाहिलं. मग सिस्टरकडे. बाई तिच्याकडेच बघून हसत होती. ‘हिने इथे माझं नाव लावलं,’ वत्सलाच्या मनात आलं, ‘मग मी हिचं लावलं तर बिघडलं कुठे? तोंडच धुवायचंय.’

“आले,” ती म्हणाली.

तोंड धुऊन झालं. मग सिस्टरने गालांवर पांढरं मलम थापलं, वर पातळ प्लॅस्टिक लावलं, आणि आतल्या आरामखुर्चीत पडून राहायला सांगितलं. आता चंदा येईल, मला बघेल, आणि तिची कशी जिरेल, या विचारात वत्सला स्वस्थ पडली. चंदा आली नाही. गाल हळूहळू बधिर झाले, आपला चेहरा कोणीतरी मागून नेल्यासारखा वाटू लागला. आणि मग, खरं सांगायचं तर, वत्सलाच्या मनात पाप आलं. एकदा होऊन गेलं तर? एवढी कीर्ती झालीच आहे, ती खरी तरी होईल. टोचणार तेही कळणार नाही. आणि रक्त काय, एका आईच्या पोटातलं.

डॉक्टरबाई आल्या. तरुण, चटपटीत. मलम पुसता पुसता त्यांनी नळी हातात घेऊन विचारलं, “पूर्ण नाव सांगा.” वत्सलाने बहिणीचं नाव सांगितलं. “जन्मतारीख?” ती तर सांगायला काही अडचणच नव्हती, दोघींची एकच. डॉक्टरबाईंनी मान हलवली, मोठा दिवा खाली ओढला. वत्सलाने डोळे घट्ट मिटले.

बाहेर चंद्रभागा फोन संपवून परतली होती. बहीण दिसेना, तर चहाला गेली असेल म्हणून ती मासिक चाळत बसली. कंटाळून काउंटरवरच्या मुलीला विचारलं, “माझा नंबर कधी?”

“कोणाचा?”

“चंद्रभागा.”

“त्या तर केव्हाच आत गेल्यात.”

दार धाडकन उघडलं. “थांबा!” चंद्रभागा किंचाळली. आणि घाबरल्यावर शहरातली भाषा कुठच्या कुठे गेली. “ते रगत मनं शे! मनं शे!”

डॉक्टरबाईंचा हात हवेत थांबला. त्यांनी दारातल्या बाईकडे पाहिलं. खुर्चीतल्या बाईकडे पाहिलं. मग दारातल्या बाईच्या कोपरावरचा कापूस पाहिला, आणि सुई अगदी हळू ट्रेमध्ये ठेवली. त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

“तुम्हाला कळतंय का काय होणार होतं?” त्यांनी विचारलं. “हे दुसऱ्याचं रक्त आहे!”

“दुसऱ्याचं कुठे,” वत्सला बधिर ओठांनी पुटपुटली. “बहीण आहे सख्खी.”

“इथे सख्खं-चुलत काही नसतं! जिचं तिलाच. एकीचं दुसरीला गेलं तर काय काय आजार जाऊ शकतात, माहिती आहे?” त्यांनी ती नळी तिथल्या तिथे लाल पिशवीत टाकली. “आज काही होणार नाही. कोणाचंच नाही. यापुढे एकावेळी एकीनेच यायचं.”

दोघी शाळेतल्यासारख्या माना खाली घालून उभ्या राहिल्या. डॉक्टरबाई खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या. राग उतरला तशी त्यांना डॉक्टरी सुचली. दिवा पुन्हा ओढून त्यांनी दोघींना शेजारी उभं केलं, आळीपाळीने न्याहाळलं आणि समाधानाने वत्सलाकडे बोट केलं. “पण हे बघा, फरक आहे की नाही? दोन खेपांत केवढा उजळपणा आलाय!”

मग चंद्रभागेच्या घशातून एक विचित्र आवाज आला. वत्सलाला वाटलं रडतेय. पण ती हसत होती. भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

“ताई, मी काही चुकीचं बोलले का?” डॉक्टरबाईंनी विचारलं, आणि उत्तर कळल्यावर त्यांनी तो दिवा स्वतःच बंद केला.

दोघी गंगापूर रोडला मिसळ खायला गेल्या. वत्सलाचे गाल अजून बधिर होते, तर्री हनुवटीवरून ओघळत होती आणि तिला पत्ता नव्हता. चंद्रभागेने बराच वेळ मुद्दामच सांगितलं नाही.

“एवढं का केलंस गं, चंदा?” वत्सलाने विचारलं.

चंद्रभागेने पावाचा तुकडा मोडला. “मुलाच्या लग्नात तरी कोणी ‘तू कोणती?’ असं विचारू नये, एवढंच वाटलं. जन्मभर विचारतात. तुला आवडतं ते. मला कधी आवडलंच नाही.”

वत्सलाला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं एक चेहरा वापरून तिला हे माहीत नव्हतं. मग तिने फोन काढला आणि कुसाआत्याला लावला.

“आत्या, मी वत्सला. खरं सांगते, ती इंजेक्शनं मी घेतली नव्हती. लिफ्टमध्ये चंदा होती.”

“जा गं!” आत्याचा आवाज पलीकडच्या टेबलापर्यंत गेला. “बहिणीची लाज झाकतेस. चंदीच्या तोंडाकडे बघून कोणी म्हणेल का, की तिने काही केलंय म्हणून? ते राहू दे, मला सांग, माझ्या वयाला चालतं का गं ते?”

वत्सलाने हताश होऊन फोन पुढे केला. चंद्रभागेने तो कानाला लावला. आवाज तर एकच होता.

“चालतं आत्या, का नाही चालणार,” ती गोड आवाजात म्हणाली. “फक्त आधी पंधरवडाभर मौन पाळावं लागतं. एक शब्द बोलायचा नाही. बोललं की गालांची शीर ताणते आणि सगळं वाया जातं.”

“अजिबात नाही? फोनवरसुद्धा?”

“फोनवर तर मुळीच नाही.”

फोन खट्कन बंद झाला. आत्याने मौन धरलं की राग, ते कळायला मार्ग नव्हता, पण सटाण्यापासून पिंपळगावपर्यंत काही दिवस कोणाची काही बातमी फिरली नाही हे खरं.

तिसरी खेप चंद्रभागेने पुढे एकटीने जाऊन केली. त्याने फरक पडला की नाही यावर घरात दोन मतं आहेत. महेश म्हणतो पडला, सून हसते.

वैशाखात सटाण्याला एक साखरपुडा होता. दोघी एकत्रच पोचल्या. दारात गुलाबपाणी शिंपडणारी बाई गोंधळून एकीकडून दुसरीकडे बघायला लागली. तिने तोंड उघडायच्या आत वत्सला पुढे झाली.

“ही चंद्रभागा, नाशिकची. महेशची आई,” ती ठणकावून म्हणाली. “मी वत्सला. नीट बघून ठेवा, पुन्हा विचारायचं नाही.”

चंद्रभागेने तिच्याकडे पाहिलं. डोळे जरा ओलावले असतील, नसतील. मग तिने पदर सावरला, त्या बाईच्या हातातला पेढा उचलला आणि अगदी भोळ्या तोंडाने म्हणाली,

“थट्टा करतेय हो ती. वत्सला मीच.”